सेव्ह होण्याआधी

परवा दुपारी एका लांबलचक मजकुरात ‘ॲप’ हा शब्द शोधत होतो. शोधत कसला, समोरच्याच ओळीत तो ढळढळीत दिसत होता. पण विमला, म्हणजे मी ज्यात मजकूर लिहितो-सुधारतो त्या एडिटरला, विचारलं तर म्हणे असा शब्दच नाही. पुन्हा टाइप केला, पुन्हा तेच. अशा वेळी माणूस आधी चष्मा पुसतो, तसा पुसला. मग कर्सर त्या ‘ॲ’वर नेऊन ‘जी’ आणि ‘ए’ या दोन कळा दाबल्या. विममध्ये त्या दाबल्या की कर्सरखालच्या अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या क्रमांकानं ओळखतो तो, तळाच्या ओळीत उमटतो. इथे दोन क्रमांक उमटले, ०९०५ आणि ०९४५. म्हणजे लिहिणाऱ्यानं साधा ‘अ’ काढून त्याच्या डोक्यावर सुटी चंद्रकोर चढवली होती. मी शोधत होतो तो अखंड ॲ, क्रमांक ०९७२, जो युनिकोडात दाखल झाला २००८ साली. डोळ्यांना दोघांत काही फरक नाही, संगणकाच्या लेखी मात्र त्यांची ओळखदेखील नाही.

काम एवढंच होतं की शब्द बदलायचा आणि फाइल पाठवून द्यायची. हातानं केलं असतं तर चहा निवायच्या आत झालं असतं. पण असं हातानं करणारी माणसं वेगळी. मी विमची सेटिंगची फाइल उघडली आणि एक ओळ लिहिली: फाइल सेव्ह होण्याच्या अगदी आधी सगळ्या मजकुरातून फिरून ये, ‘अ’च्या मागे सुटी चंद्रकोर दिसली की दोघांच्या जागी एकच ॲ ठेव. चालली. मग वाटलं, ‘आ’वर चंद्रकोर चढवून ‘ऑ’ करणारेही असतीलच. ती ओळ लिहिली. मग आठवला ‘दुसऱ्या’मधला ऱ्य. तोही दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही जण नुक्ता असलेल्या ऱ पासून करतात, काही जण साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. तो दुसरा प्रकार पहिल्यात बदलायचा, आणि मगच मजकुरात इतरत्र सांडलेली जोडचिन्हं झाडून काढायची. क्रम उलटा झाला तर ‘दुसऱ्या’ बिचारा रफार डोक्यावर घेऊन ‘दुसर्या’ होऊन बसतो.

एवढं होईस्तोवर दिवेलागण झाली. मूळ फाइल तशीच होती.

कोणी विचारलं तर मी सांगतो की वेळ वाचतो. सगळेच तसं सांगतात. अशा छोट्या स्क्रिप्टा, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या ओळी, लिहिणाऱ्या माणसाला खरं कारण विचारू नये, तो वेळेचा हिशेब पुढे करतो आणि तो हिशेब कधीही जुळत नाही.

आमच्या दादानं शाळेत असताना पलंगावरून न उठता दिवा मालवायची युक्ती काढली होती. तेव्हाची बटनं काळी, गोल, आणि मधोमध बोंडासारखा खटका. खटका वर केला की दिवा बंद. दादानं खटक्याला दोरा बांधला, तो बटनाच्या वर ठोकलेल्या खिळ्यावरून घेतला, तिथून खिडकीच्या गजातून ओवून थेट आपल्या उशाशी आणला. ओढला की खट्ट, अंधार. यात त्याचा अख्खा रविवार गेला. दोरा आधी घसरायचा, म्हणून खटक्याला चिकटपट्टी. मग खिळा हलायचा, म्हणून दुसरा खिळा. त्या रात्री आम्ही वेळेआधी झोपायला गेलो आणि दादानं दोरा ओढला. मग मी म्हटलं, आता परत लाव. तो उठून बटनापर्यंत चालत गेला आणि दिवा लावला, कारण दोऱ्यानं दिवा फक्त बंद व्हायचा. मग येऊन झोपला आणि पुन्हा दोरा ओढला. असं त्या रात्री कितीदा केलं कोण जाणे. दोन पावलं वाचावीत म्हणून केलेल्या सोयीसाठी तो रात्रभर चालत होता, आणि त्याच्याइतका सुखी माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. पुढे आईचा पाय त्या दोऱ्यात अडकला आणि प्रकल्प संपला.

माझी सेटिंगची फाइल म्हणजे तो दोराच आहे. फरक इतकाच की यात कुणाचा पाय अडकत नाही.

म्हणजे, माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही तोवर. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत हेच झालं होतं. तिथे टेको नावाचा एडिटर होता. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या, इतक्या दाट की स्वतःचं नाव आज्ञा म्हणून टाइप केलं तर काय होईल ते ओळखायचा लोकांना खेळच झाला होता. १९७४ च्या सुमाराला तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरनं अशी सोय केली की कुठल्याही कळेमागे आपली आज्ञावली बसवता यावी. झालं. जो तो आपापल्या कळा बसवत सुटला, आणि थोड्याच काळात एकाच्या एडिटरवर दुसऱ्याला काम करता येईना. १९७६ साली गाय स्टीलनं या सगळ्या आज्ञावल्या गोळा करून एकसारख्या करायला घेतल्या, स्टॉलमननं त्या कामाचा ताबा घेतला, आणि त्यातून ईमॅक्स निघाला. सगळ्यांना एकाच तऱ्हेनं वागवावं म्हणून जन्मलेला हा एडिटर. आज तो वापरणाऱ्या दोघांच्या कळा जुळतील तर शपथ.

विमची कथा उलटी. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय या प्रोग्रामरनं लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर. त्या कीबोर्डवर आज टॅब असतो तिथे एस्केप होती, अगदी करंगळीशी. म्हणून व्हीआयमध्ये उठता बसता एस्केप. एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही ते चारच बाण. टर्मिनल गेलं, एस्केप कोपऱ्यात जाऊन बसली, आणि आम्ही लोक कॅप्स लॉकला एस्केप करण्याच्या स्क्रिप्टा लिहीत बसलो.

सेटिंगच्या फाइलचं नाव टिंबानं सुरू होतं आणि ती यादीत दिसत नाही, त्याचंही असंच. रॉब पाइक या जुन्या युनिक्सवाल्यानं सांगितलेली हकीकत आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाल्यावस्थेत फाइलींची यादी दाखवताना ‘टिंब’ (म्हणजे हाच फोल्डर) आणि ‘टिंब टिंब’ (म्हणजे त्याच्या वरचा) या दोन नोंदी वगळायच्या होत्या. पूर्ण नाव तपासायचा कंटाळा करून कुणीतरी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच पाहिलं. त्यामुळे टिंबानं सुरू होणारी प्रत्येकच फाइल गुप्त झाली, आणि सगळ्या जगानं आपापल्या खोडी तिथे लपवायला सुरुवात केली.

माझी मुख्य खोड ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा. पूर्णविराम झाल्यावर लोक सवयीनं स्पेसबार दाबतात आणि मग एंटर. ती जागा कुणाला दिसत नाही, छापली जात नाही, तिनं कुणाचं वाईट होत नाही. मला ती सहन होत नाही. माझ्याकडे अशी प्रत्येक जागा लाल उमटते आणि सेव्ह करताना पुसली जाते. दुसऱ्याची फाइल उघडली की आधी लाल किती ते बघतो आणि त्या माणसाविषयी मनातल्या मनात मत बनवतो. मत सहसा चुकतं, पण बनवतोच.

फाइलमध्ये शेरेही आहेत, दुहेरी अवतरणचिन्हानं सुरू होणारे. ‘हे काढू नये.’ का काढू नये ते लिहिलेलं नाही. ‘तात्पुरतं’ असा शेरा असलेली ओळ या फाइलमधल्या सगळ्यात जुन्या ओळींपैकी. हल्ली यंत्राला सांगितलं की ते क्षणात अशी ओळ लिहून देतं, आणि चांगली देतं. पण ती माझ्या फाइलमध्ये भाडेकरूसारखी राहते. मी तिच्याशी बोलत नाही.

मध्यंतरी कामातल्या एका मुलीनं विचारलं, “सर, तुमची सेटिंगची फाइल द्याल का?” याहून मोठा सन्मान आमच्या जमातीत नाही. मी शेरे दुरुस्त केले, खाजगी ओळी काढल्या, मधे रिकाम्या ओळी सोडून फाइल देखणी केली आणि पाठवली. काही दिवसांनी तिचा निरोप आला. बाकी सगळं काढून टाकलंय, कळा हाताला बसेनात. फक्त ते ओळीच्या शेवटच्या जागा पुसणारं तेवढं ठेवलंय. पण त्यातही थोडा बदल केलाय, कारण ती मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी सांगायच्या पद्धतीत, लिहिते, आणि तिथे ओळीच्या शेवटी दोन जागा सोडल्या की नवी ओळ सुरू होते. माझ्या ओळीनं तिच्या कविता सलग गद्य होऊन बसत होत्या. आता तिच्याकडे एक जागा असली तर पुसली जाते, दोन असल्या तर राहतात.

तिचं बरोबर आहे. तिनं बदललेली ओळही तिनं पाठवलीय, माझ्यापेक्षा नेटकी लिहिलेली आहे. मी ती घेतली नाही. दोन जागा काय नि एक काय.