गावाकडचं माळवद पाडलं नाही, दुरुस्त केलं (माझा अनुभव)

आमचं घर उमरगा तालुक्यात, पणजोबांच्या काळातलं, दगड-मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब-तुळया आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छप्पर. वडील गेल्यावर ते पाडायचं जवळपास ठरलंच होतं. एक तर पावसाळ्यात गळायचं आणि दुसरं म्हणजे किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात ज्यांनी बघितलीय त्यांना आजही माळवदाखाली धड झोप लागत नाही, आणि त्यांचं काही चूक नाही, रात्री गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसं पहाटे चारच्या आत दगड-मातीखाली गाडली गेली, मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या आसपास. चुलते सरळ म्हणाले, "बाळा, पाड ते. आम्ही बघितलंय सगळं. लेकरंबाळं हायत तुझ्या घरात."

ग्रामपंचायतीतही तोच सल्ला मिळाला. घरकुलाचं अनुदान मिळतं ते नवीन पक्क्या घराला, आहे ते मातीचं घर नीट करायला त्यात काही नाही. म्हणजे ज्याला गरज आहे त्याने जुनं पाडावं हाच सोपा रस्ता, आणि गावोगाव तेच चाललंय, सागवान विकायचं, दगड पायात भरायचा आणि वर पत्रे नाहीतर स्लॅब. मे महिन्यात त्या घरात दुपारी बसवत नाही हे सगळ्यांना माहितीय तरी.

मला चुलत्यांच्या भीतीला नुसतं 'वारसा वारसा' म्हणून उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून घरं पडली कशानं हे आधी समजून घेतलं. ओळखीतल्या एका इंजिनिअर ताईंनी (भूकंपानंतरच्या दुरुस्तीचं काम त्यांनी केलंय) घरी येऊन दाखवलं. आपली भिंत बाहेरून एकसंध दिसते पण असतात त्या दोन वेगळ्या दगडी भिंती, मधे गोटे-माती भरलेली. आरपार जाणारा लांब दगड नसला की हादऱ्यात दोन्ही बाजू फुगतात आणि सुटतात. किल्लारीला कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या पण खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता. आणि दुसरं कारण डोक्यावर, माती. दर वर्षी मृगाच्या आधी गळती थांबवायला वर पांढरी माती टाकायची, जुनी कोण काढतंय, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या थर चढत गेलेले. ताईंनी हिशोब करून दाखवला, दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार-पाच टन, आणि आमच्या माळवदावर काही ठिकाणी दोन फुटांच्या वर निघाली. हे ऐकलं तेव्हा ठरलं की घर वाचवायचं तर त्याच्यावर आपणच चढवलेलं ओझं आधी उतरवायचं. चुलत्यांनाही हे पटलं, पहिल्यांदा ते गप्प बसून ऐकत होते.

पाडव्यानंतर काम काढलं, कारण गिलावा वाळायला कडक ऊन पाहिजे आणि मृगाच्या आत वरचं झाकलं गेलं पाहिजे. मिस्त्रीमामा सत्तरीचे, गावात माळवदाचं काम येणारे तेवढेच उरलेत. माती एकदम एका बाजूने उचलायची नाही, सगळीकडून सारखी उतरवत यायची, नाहीतर तुळया कलतात, यावर ते फार कडक. खाली किलच्या (तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी पट्ट्या) निघाल्या, निम्म्या चांगल्या, गळतीच्या जागेवरच्या वाळवीने खाल्लेल्या. त्या बदलल्या, वर पळाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या), मग जाड प्लॅस्टिकचा कागद (मामांना हा आवडला नव्हता, पण मान्य केला) आणि त्यावर फक्त आठेक इंच माती, पन्हाळाकडे (पावसाचं पाणी बाहेर टाकणारी नळी) उतार देऊन. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेकू ठोकले म्हणजे सांगाडा आडवा डुलणार नाही. भिंतीत साधारण तीन-चार फुटांवर अलगद दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात आकडा वाकवलेली सळई आणि काँक्रीट, दोन्ही बाजू एकमेकीला बांधल्या जातात. हे काम लई किचकट आहे, घाई केली तर भिंतच खाली येईल, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच.

मग गिलावा. वीसेक वर्षांपूर्वी ओल येते म्हणून पुढच्या भिंतीला सिमेंट मारलेलं होतं. ते खरवडलं तर आतली माती काळी, ओली, तिच्यातलं काड कुजून भुगा झालेलं, कारण सिमेंटने ओल आत कोंडली, बाहेर यायला वाटच नाही. आणि मागच्या भिंतीला जिथे कुणी हात लावला नव्हता तिथला जुना मातीचा पोपडा मी हातात घेतला, आतलं गव्हाचं काड अजून पिवळं, चिमटीत ओढलं तर तुटेना. पणजोबांच्या वेळचं काड! कोरडं राहिलं म्हणून टिकलं. नंतर वाचलं की अमेरिकेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत झाडं नव्हती म्हणून लोकांनी काडाचे गठ्ठे रचून भिंती केल्या, तिथल्या आर्थर गावात १९२८ चं असं चर्च अजून उभं आहे, त्यांचीही सगळी काळजी हीच, ओल आत शिरू द्यायची नाही आणि शिरली तर बाहेर जाऊ द्यायची.

गारा आम्ही आठवडाभराच्या वर कुजवला, माती, भुसकट, शेण, रोज पाणी मारून पायाने तुडवायचा. वास सुटतो, शेजारचे बोलतात, पण त्याशिवाय तो भिंतीला धरत नाही. काळी माती जास्त झाली की भेगा पडतात म्हणून आधी भिंतीवर छोटे चौकोन लावून वाळायला ठेवले आणि ज्याला भेग नाही ते प्रमाण धरलं.

पांढऱ्या मातीचा प्रश्न मात्र वेगळा. ती जुन्या गावठाणाच्या पांढरीतून आणायची पद्धत, आणि तिथेच जुन्या वस्त्यांचे थर असतात. आमच्याच जिल्ह्यात तेरला अशा टेकाडांतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपल्या म्हणून आज तिथे संग्रहालय आहे. आपलं शंभर वर्षांचं घर राखायला दोन हजार वर्षांची पांढर उकरायची हे मला बरोबर वाटेना, म्हणून माळवदावरून उतरवलेलीच माती चाळून परत वापरली, पुरून उरली.

खर्च नवीन स्लॅबच्या घरापेक्षा बराच कमी आला, त्यातला बहुतेक मजुरीचा. पावसाळ्यात एका कोपऱ्यात पन्हाळापाशी थोडं झिरपलं, ते मामांनी दुसऱ्याच दिवशी येऊन दाबून दिलं. चुलते आता दुपारी आमच्याकडेच आडवे होतात, रात्री मात्र अजून अंगणात, आणि मी त्यांना आग्रह करत नाही.

यंदा पाडव्यानंतर त्यांच्या माळवदाचे दोन खण (तुळयांमधले भाग) दुरुस्तीला काढायचेत, त्यांनी स्वतःहून सांगितलंय. मामांच्या हाताखाली गावातली दोन पोरं तयार होतायत पण किलच्यांचं काम येणारा सुतार मिळत नाहीये, लातूर-धाराशिव-सोलापूर भागात कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा.