विभागप्रमुखांना 'नाही' म्हणायची तालीम : माझा अनुभव

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या विभागप्रमुखांसाठी मी नैतिक नेतृत्वाचे वर्ग घेतो. खरेदी, क्वालिटी, उत्पादन, एचआर सांभाळणारी, वीस-पंचवीस वर्षं मुरलेली माणसं. नियमांचा पेपर दिला तर सगळे पैकीच्या पैकी आणतात. अडतं ते ऐनवेळी तोंडातून शब्द फुटायला. म्हणून वर्ग त्या शब्दांच्या तालमीचाच असतो.

आधी प्रत्येकाशी पाऊण तास एकट्यानं बोलतो. प्रश्न एकच : गेल्या वर्षभरात कुठली सही करताना हात अडखळला? नावं विचारत नाही. प्रसंग यातूनच मिळतात. महिनाअखेरची गाडी गेटवर उभी आणि लॉटची (तयार मालाच्या खेपेची) मापं टॉलरन्सबाहेर, म्हणजे चालण्याजोग्या फरकापलीकडं. कंत्राटी कामगारांचा पीएफ भरल्याचं चलन न जोडता आलेलं ठेकेदाराचं बिल. 'आपलेच पाहुणे आहेत' म्हणून पुढं सरकवलेलं कोटेशन. आपल्या मराठवाड्यात हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण ऑफिसात दिलेल्या नकाराचा हिशेब गावाकडच्या लग्नात होतो.

प्रसंग एका पानात लिहायचा आणि निर्णयाच्या अलीकडं थांबवायचा. बॅच आठ-दहा जणांची. साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एका बॅचला नको. एक बोलतो, दुसरा मान डोलावतो. मग तिघातिघांचे गट : एक गळ घालणारा, एक नकार देणारा, एक नुसता बघणारा. बघणाऱ्यानं तीनच गोष्टी टिपायच्या. उगाच माफी मागितली का, 'वरून आदेश आहे' म्हणून अंग काढलं का, पर्याय दिला का. पहिल्या फेरीत बहुतेक जण प्रवचन देतात आणि समोरचा हसून विषय बदलतो. दोन-तीन फेऱ्यांनी वाक्य कामाचं होतं : "गाडी थांबवतोय. कस्टमरला फोन मीच करतो, डेव्हिएशनला (मापातल्या फरकाला) त्यांची लेखी मंजुरी आली की लगेच सोडू." पाहुण्यांसाठी : "दाजी, कोटेशन खुशाल टाका. पण मी या खरेदी कमिटीतून बाहेर पडतोय, आणि आपलं नातं लिहून देतोय."

कायद्याला अर्धा तास पुरे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार. बळजबरीनं द्यावी लागली तर 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं; लाचलुचपत विभागाचा नंबर 1064. कंपनीसाठी लाच दिली आणि त्यात कंपनीच्याच अधिकाऱ्याची संमती किंवा संगनमत सिद्ध झालं, तर त्याला 3 ते 7 वर्षं कैद. असं काही होऊ नये म्हणून पुरेशी व्यवस्था केली होती, हे कंपनीला दाखवता आलं तर तिला बचाव आहे. तेव्हा रजिस्टरं ही नुसती कागदं नव्हेत.

भेटवस्तूंच्या रजिस्टरला पाच रकाने : तारीख, कुणी दिली, काय, अंदाजे किंमत, पुढं काय केलं. दिवाळीनंतर ते कोरं निघालं तर माझा संशय वाढतो. वरच्यांनी आपल्या घरी आलेला सुक्या मेव्याचा डबा आधी नोंदवला तरच खालचे लिहितात.

तक्रारपेटी बहुतेक ठिकाणी गेटवर, नेमकी सीसीटीव्हीखाली टांगलेली असते. त्यात चिठ्ठी कोण टाकणार? आणि टाकलीच तरी छोट्या प्लांटमध्ये अक्षर ओळखू येतं. पेटीपेक्षा प्लांटबाहेरच्या माणसाचा, शक्यतो ऑडिट कमिटीच्या (संचालक मंडळाच्या हिशेब तपासणाऱ्या समितीच्या) अध्यक्षांचा, थेट ईमेल बरा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अशी सोय 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 177 नुसार ठेवावीच लागते.

या सगळ्यावर पाणी पडतं ते इन्सेन्टिव्हमुळं. बोनस नुसत्या डिस्पॅचवर असेल तर महिनाअखेरीला कुठलीच तालीम टिकत नाही. क्वालिटीनं अडवलेल्या लॉटइतकं उत्पादनप्रमुखाचं टार्गेट कमी धरायचं, हे एमडींकडून आधीच लेखी घेतो.

तीन महिन्यांनी साहेबांना नाही, त्यांच्या हाताखालच्यांना विचारतो : वाईट बातमी सांगितल्यावर साहेबांचा पहिला प्रश्न काय होता? 'काय झालं?' असेल तर ठीक. 'कुणी केलं?' असेल, तर त्या साहेबांना पुढच्या बॅचला पुन्हा बसवतो.