लसणाचा झोन आणि मावशीची गोळी

एमएस्सी मायक्रोच्या प्रोजेक्टला मी घरातल्याच गोष्टी घेतल्या होत्या, लसूण, आलं, हळद, कढीपत्ता. यांच्या अर्काने जंतूंची वाढ थांबते का बघायचं, बस. करायचं काय तर म्युलर-हिंटन आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा स्वॅब सगळीकडे फिरवायचा, कॉर्क बोअररने छोटी भोकं पाडायची (त्यांना वेल म्हणतात), त्यात अर्क सोडायचा आणि 37 डिग्रीला रात्रभर ठेवून द्यायचं. जंतू वाढले की प्लेट दुधाळ होते, पण अर्क चालला असेल तर भोकाभोवती स्वच्छ गोल राहतो. तो झोन, पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा.

पहिल्या दिवशी हळदीचा झोन एवढा छान आला की मी लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दुपारी मॅडमनी प्लेट उजेडात धरली आणि विचारलं, "नुसत्या इथेनॉलची वेल कुठेय?" नव्हतीच. हळद मी इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, भिजवली होती आणि इथेनॉल स्वतःच जंतू मारतं हे माहीत असून मी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी हळदीशिवायची वेल, ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी ठेवला तर त्याचाही झोन जवळपास तेवढाच. मग इथेनॉल पूर्ण उडवून, उरलेलं चिकट पिवळं थोड्याशा डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून, शेजारी नुसत्या डीएमएसओची वेल ठेवून परत केलं तर हळदीचा झोन अगदी चिमुकला. म्हणून हळद फुकट आहे असं पण नाही हं, हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ते आगरमध्ये पसरत नाही आणि झोन छोटाच दिसतो. म्हणजे ही टेस्ट हळदीला नीट न्याय देत नाही.

लसणाने मात्र मला खरंच थक्क केलं. अर्धा लसूण खलबत्त्यात ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला, उरलेल्या पाकळ्या अख्ख्याच उकळल्या आणि मग ठेचल्या. ठेचलेल्याचा झोन मोठा, उकळलेल्याचा शून्य, वेलच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेले! लसूण तोच, मंडईतला, एकाच गड्ड्यातला. कारण असं की अख्ख्या पाकळीत जंतूंना रोखणारं अॅलिसिन जवळपास नसतंच, पाकळीत अॅलिइन एकीकडे आणि अॅलिइनेज नावाचं एन्झाइम दुसरीकडे असतं, ठेचलं की दोन्ही एकत्र येतात आणि अॅलिसिन तयार होतं, आपल्याला येतो तो उग्र वासही तेव्हाच सुटतो. आधीच उकळलं तर एन्झाइमच मरतं. त्यामुळे "लसणाचा अर्क" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कसा काढला?

हे सगळं मी का लिहितेय तर मावशीमुळे. तिने माझा तो हळदीचा फोटो पाहिला, वर कुठूनतरी आलेला लसणाचा फॉरवर्ड वाचला आणि बीपीची गोळी बंद करून रोज सकाळी लसूण खायला लागली. मला कळलं चार दिवसांनी. "अगं, तूच तर लॅबमध्ये सिद्ध केलंस ना!" खूप वाईट वाटलं. मी प्लेटवर एक जंतू बघितला होता, तिची रक्तवाहिनी नव्हे. कच्चा लसूण खाल्ल्यावर अॅलिसिन जसंच्या तसं रक्तात सापडत नाही, ते वाटेतच बदलून जातं. लसणाच्या गोळ्यांनी बीपी थोडं उतरल्याच्या माणसांवरच्या ट्रायल्स आहेत, पण ती वेगळी परीक्षा आहे, माझी प्लेट त्यात कुठेच येत नाही.

हळदीच्या पेटंटचंही असंच होतं. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, तेव्हा डॉ. माशेलकर प्रमुख होते, ते लढून 1997 मध्ये रद्द करून घेतलं. मला त्याचा खूप अभिमान आहे. पण भांडण होतं ते हे ज्ञान नवीन नाही, आपल्याकडे आधीपासूनचं आहे यावरून. त्यात हळदीने जखम किती लवकर भरते याचा निकाल लागला नव्हता, आणि लोक मात्र "अमेरिकेनेही मान्य केलं" म्हणून फॉरवर्ड करतात.

मावशीला मी दोन्ही प्लेट्सचे फोटो दाखवले, इथेनॉलवाली पण. बराच वेळ बघत बसली. डॉक्टरांकडे घेऊन गेले, गोळी परत सुरू झाली. ग्रुपवरचा जुना फोटो काढून टाकलाय आणि कंट्रोलसकटचा नवीन टाकलाय, खाली कुठल्या वेलमध्ये काय आहे ते लिहून.