ब्रेकचं काम, टप्पा दुसरा: १९९५ ची मारुती ८००

पहिल्या टप्प्यात पुढच्या चाकांचे पॅड (डिस्क दाबून धरणारे ठोकळे) नवे बसले तरी गाडीची एक खोड गेली नव्हती. ब्रेक मारला की नाक क्षणभर उजवीकडे जायचं आणि पाय काढल्यावर गाडी डावीकडे ओढायची. पुढचं डावं चाक कात्रजहून घरी येईपर्यंत इतकं तापायचं की रिमला हात लावायची सोय नाही. त्यात मागचे ड्रम (मागच्या ब्रेकचे चाकाबरोबर फिरणारे गोल डबे) मी गाडी ताब्यात घेतल्यापासून कुणी उघडलेले नव्हते. तेव्हा या टप्प्यात चारही कोपरे उघडायचे ठरवले.

सुरुवात मागून. हँडब्रेक सोडला, केबल ढिली केली, पुढच्या चाकांना दगड लावले आणि मागची बाजू घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घेतली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारी मंडळी अजून दिसतात, त्यांच्या धाडसाला लांबूनच नमस्कार. आपल्या गाडीत मागचे बेअरिंग ड्रममध्येच असतात. त्यामुळे डस्ट कॅप काढायची, स्प्लिट पिन ओढायची, कॅसल नट सोडायचा आणि मग अख्खा ड्रम बाहेर ओढायचा. उजवा सहज आला. डावा हलेना. ड्रमच्या आतल्या कडेला झिजेची धार तयार झालेली असते आणि शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) तिच्या मागे अडकतात. अशा वेळी हातोड्याने ड्रमच्या कडेवर ठोकू नका, बिडाचा टवका उडतो. ओळखीच्या गॅरेजमधून स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या झटक्याने भाग ओढून काढणारं हत्यार) आणला, थोडं जुळवून घेतल्यावर ड्रम निघाला.

आत काळी भुकटी आणि तिच्यात ओलसर चिखल. भुकटीला कंप्रेसरची हवा मारायची नाही, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲसबेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनर फवारून सगळं ओलं केलं, कापडाने पुसलं आणि कापड पिशवीत बांधून टाकलं. तो चिखल ब्रेक ऑइलचा निघाला. व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबरी बूट बोटाने जरा उचललं तर आतून तपकिरी पाणी ओघळलं. म्हणजे वॉशर (सिलिंडरमधली रबरी सील) गळत होते आणि ऑइल थेट लायनरवर जात होतं. पेडलवर याचा पत्ताच लागत नव्हता, फक्त टाकीतली पातळी हळूहळू खाली जायची आणि ती पॅड झिजल्यामुळे जाते असं आपण समजतो. पातळी पॅड झिजल्यानेही उतरते हे खरं, पण नवे पॅड बसवल्यावरही ती उतरत राहिली तर बूट उचलून बघायलाच हवं.

शूंची झीज बघण्यासारखी होती. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले असणार, तरी पुढच्या बाजूचा शू मागच्यापेक्षा चांगलाच पातळ. यात बिघाड काही नाही. ड्रम फिरताना पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून घेतो आणि तो आणखी घट्ट दाबला जातो, म्हणून जास्त काम तोच करतो. पण ऑइल प्यायलेला लायनर घासून, जाळून, पेट्रोलने धुऊन परत वापरण्यात अर्थ नसतो. तो एका बाजूला कमी धरतो किंवा एकदम पकडतो.

सामान नाना पेठेतून आणलं. दुकानदाराने सवयीने विचारलं, "साहेब, नवे शू देऊ की जुन्यावर लायनर मारून देऊ?" लायनर मारून घेणं स्वस्त पडतं आणि काम नीट झालं तर वाईटही नसतं, पण माझ्या शूंच्या पट्ट्याच गंजल्या होत्या. नवे घेतले, दोन्ही चाकांचा सेट. दोन व्हील सिलिंडरही अख्खे नवेच घेतले. नुसतं वॉशर किट टाकायचा सल्ला बरेच जण देतात. सिलिंडरची भिंत आतून आरशासारखी असेल तर जरूर टाका. माझ्याकडच्या दोन्हींत बॅटरी मारून बघितलं तर गंजाचे खड्डे होते, आणि खड्ड्यावर नवं रबर किती दिवस टिकणार? ड्रम लेथवर अगदी हलके फिरवून घेतले. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो, तो ओलांडला तर ड्रम भंगारात. माझे अजून आत आहेत.

मग पुढचं डावं चाक. ते जॅकवर घेऊन ब्रेक दाबला, सोडला आणि हाताने फिरवून पाहिलं तर चाक जाम. आता दोन शक्यता. कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा सरकत्या पिना अडकल्यात, नाहीतर ऑइलचा दाब आत कोंडलाय. निवाडा सोपा आहे. ब्लीडिंग निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सोडला, चमचाभर ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं. म्हणजे कॅलिपर ठीक, दाबच कोंडत होता. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबला, सोडला, चाक पुन्हा जाम. या वेळी होज पाइपचा (चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा) वरचा जोड सैल केला, तरी चाक सुटलं नाही. म्हणजे वरचं मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारं) निर्दोष आणि अडथळा मधल्या रबरी होजमध्ये. होज बाहेरून ठणठणीत दिसत होता. काढून कापला तर आतलं अस्तर सुटून नळी जवळपास मिटली होती. पायाच्या जोराने ऑइल कसंबसं पुढे जायचं, पण परतीला जोर नसल्याने अडकायचं. आधी उजवीकडे आणि मग डावीकडे हे कोडं तिथे सुटलं. डावं चाक उशिरा धरायचं आणि उशिरा सोडायचं.

आपण लायनर किती किलोमीटरमागे बदलायचे याचा हिशोब ठेवतो, पण रबर किलोमीटर मोजत नाही. वर्षातून दोनदा गावाला जाणाऱ्या गाडीचंही रबर म्हातारं होतंच. म्हणून उजवा होज चांगला वाटत असूनही जोडीनेच बदलला. होजचे नट सोडायला साधा पाना वापरू नका, गंजलेल्या नटाचे कोपरे लगेच उडतात. फ्लेअर नटचा दहाचा पाना घ्या, आणि आदल्या रात्री जोडावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सरकत्या पिनांना साधं चाकाचं ग्रीस चालत नाही, पेट्रोलियमने ब्रेकचं रबर फुगतं. सिलिकॉनचं किंवा ब्रेकच्या रबरासाठीचं ग्रीस लावा. याच कारणाने वॉशर पेट्रोल-डिझेलमध्ये धुण्याची गॅरेजमधली सवयही मोडायला हवी. ताज्या ब्रेक ऑइलने पुसलं तरी पुरतं.

ब्लीडिंगला, म्हणजे नळ्यांतली हवा आणि जुनं ऑइल काढायला, पेडलवर बाबा होते. गाडी मूळची त्यांचीच आणि "इतकी वर्षं चालली की" हे त्यांचं पालुपद दुपारभर सुरू होतं.

"बाबा, दाबा. धरून ठेवा."

"धरलंय रे. पाय दुखतोय, तू सोड ना लवकर."

पेडलखाली मात्र मी लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये वॉशर रोज ठरावीक अंतरातच फिरतात आणि त्यापुढच्या भिंतीवर गंज बसतो. ब्लीडिंग करताना पेडल थेट तळाला नेलं की वॉशर त्या गंजावरून जाऊन फाटतात आणि चांगला मास्टर दुसऱ्या दिवशी खाली बसतो. सर्वात लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात, पारदर्शक नळी, बाटलीत थोडं ऑइल, टाकी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. मागून आधी चहाच्या रंगाचं ऑइल आलं, नंतर बुडबुडे, मग स्वच्छ.

ऑइल डॉट ३ भरलंय. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की हमी १४० अंशांवर येते. घाट उतरताना पेडल अचानक मऊ पडतं त्याचं एक कारण हेच, ऑइलमध्ये वाफ होते आणि वाफ दबते. उघडून वर्षभर ठेवलेली बाटली म्हणून मी वापरत नाही. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतं.

सेल्फ ॲडजस्टरसाठी (शू आणि ड्रममधलं अंतर आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणेसाठी) पेडल अनेकदा दाबून शू जागेवर आणले, मग हँडब्रेक केबल ताणली. हा क्रम उलटा केला तर ॲडजस्टर कामच करत नाही. पहिली फेरी सोसायटीच्या आत, चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून पंधरापर्यंत हलका ब्रेक, मध्ये थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच. नवे लायनर बसेपर्यंत करकचून ब्रेक मारायचा नाही.

रविवारी दिवे घाटात नेली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडली, वळणाआधीच थोडा ब्रेक. गाडी सरळ थांबते, स्टिअरिंग सोडलं तरी नाक हलत नाही, आणि पायथ्याला चारही रिमना हात लावून पाहिला तर दोन्ही पुढची सारखीच कोमट होती. मागची त्याहून कमी, तशी असायलाच हवीत, कारण ब्रेक मारताना वजन पुढे येतं आणि पुढचेच ब्रेक जास्त राबतात.

राहिलेलं काम: मागच्या ॲक्सलजवळची लोखंडी नळी. क्लिपखाली ती फोडासारखी फुगली आहे, अजून गळत नाही. ती कापून मध्ये तुकडा जोडण्यापेक्षा पूर्ण नवी ओढायचा विचार आहे, आणि तिची टोकं डबल फ्लेअर करायचं (दुहेरी दुमडून रुंद करायचं) हत्यार सध्या माझ्याकडे नाही. पुण्यात कुणी घरच्या घरी डबल फ्लेअर केलं असेल तर कोणतं हत्यार वापरलं ते कळवा. तोवर गाडी गावातच फिरेल, घाट बंद.