मेंदी लावता, मग केस लाल का नाहीत?

‘केसांना मेंदीच लावता म्हणता, मग ते आमच्यासारखे लालभडक का दिसत नाहीत?’ हा प्रश्न मला लग्नकार्यात, लोकलच्या डब्यात आणि अलीकडे शेजारच्या निवृत्त काकांकडूनही विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मी नुसती मेंदी लावत नाही. मेंदी धुतल्यावर तिच्यावर नीळ, म्हणजे निळीच्या झुडपाच्या पानांची पूड, लावते, आणि माझ्या केसांचा काळसर तपकिरी रंग त्या दुसऱ्या लेपाचा असतो. (पांढऱ्या कपड्यांना देतात ती बाटलीतली नीळ नव्हे. एका मैत्रिणीने तीच आणून ठेवली होती, म्हणून हा खुलासा.)

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे तांबूस नारिंगी रंगद्रव्य असते आणि ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट धरून बसते. केसाचा मूळचा रंग मात्र ते काढून टाकत नाही, त्यावर आपली छटा चढवते; त्यामुळे काळ्या केसावर उन्हात जेमतेम तांबूस झाक दिसते आणि पांढऱ्या केसावर सरळ गाजराचा रंग येतो. म्हणजे मेंदी चांगली असेल तर पांढरे केस नारिंगी होणारच. तो मेंदीचा दोष नाही, तिचे कामच ते आहे.

माझी आई मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवत असे आणि त्यात आवळकाठीची पूड घालत असे. सकाळपर्यंत तो लेप काळाकुट्ट होई आणि आता केसही तसेच होणार अशी आम्हाला खात्री वाटे. चहातले आणि आवळ्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळे संयुग बनते, आणि हिरडा व हिराकस (लोखंडाचा क्षार) यांच्यापासून केलेली जुनी शाई याच गुणावर काळी होत असे. परंतु कढईतला तो काळेपणा बराचसा धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जाई आणि आईच्या कानशिलांवरचे केस विटकरी रंगाचेच राहत. मी आता मेंदी काचेच्या भांड्यात नुसत्या कोमट पाण्यात भिजवते. लिंबू पिळणेही सोडले, कारण त्याने माझे केस काथ्यासारखे कोरडे होत.

निळीचे तंत्र याहून नाजूक आहे. निळीच्या पानात निळा रंग तयार स्वरूपात नसतो. पूड पाण्यात कालवल्यावर पानातल्या इंडिकनपासून आधी इंडॉक्सिल सुटते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला की निळा रंग बनतो. तो पूर्ण बनल्यावर पाण्यात विरघळत नाही, म्हणजेच केसात शिरत नाही. त्यामुळे मेंदीसारखी नीळ रात्री भिजवून ठेवली तर सकाळी तिचा काही उपयोग उरत नाही. मी ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवते, दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवते आणि लगेच लावते. मेंदी डोक्यावर तीन तास, नीळ दीड तास, आणि मध्ये नुसत्या पाण्याने स्वच्छ धुणे, असा माझा क्रम आहे. आदल्या दिवशी तेल लावलेले नसावे, कारण तेलकट केसावर दोन्ही लेप नीट धरत नाहीत. धुतल्यावर केसांवर थोडी हिरवट छटा दिसते, तिला घाबरू नये. खालचा नारिंगी आणि वरचा निळा मिळून एक-दोन दिवसांत गडद तपकिरी रंग उतरतो, आणि तोवर मी शाम्पू लावत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही म्हणाल. काही वर्षांपूर्वी मीही तसेच म्हणून ‘काळी मेंदी’ असे लिहिलेले एक पाकीट आणले होते. अर्ध्या तासात केस काळेभोर झाले, आणि दुसऱ्या दिवशी कपाळ, कानांच्या पाळ्या आणि पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात. त्वचारोगतज्ज्ञांनी पाकीट पाठीमागून वाचायला सांगितले, तेव्हा बारीक अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायअमीन हे नाव सापडले. युरोपीय संघात हे रसायन केसांच्या रंगात २ टक्क्यांपर्यंतच वापरता येते आणि त्वचेवर काढायच्या नक्षीत त्याला परवानगीच नाही. एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, म्हणून बाजारातले बहुतेक काळे रंग मला कायमचे बंद झाले. मेंदीचे पान कधीही काळा रंग देत नाही, तेव्हा अर्ध्या तासात काळे करणाऱ्या ‘मेंदी’त दुसरे काय आहे ते आधी वाचावे आणि नैसर्गिक म्हणून घेतलेली पूडही आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस वाट पाहावी, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

मेंदी मी राजस्थानातल्या सोजतची घेते. पाली जिल्ह्यातल्या या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुडीवर घटक म्हणून फक्त मेंदीचे पान लिहिलेले असावे, एवढीच माझी अट असते. माका, जास्वंद, ब्राह्मी वगैरेंबद्दल मला फारसे बोलता येणार नाही. त्यांनी केस मऊ लागतात, पण पांढऱ्या केसावर रंग चढलेला मी पाहिलेला नाही. केस धुण्याला मात्र शिकेकाई आणि रिठा मला पुरतात, फक्त डोळे घट्ट मिटून घ्यावे लागतात.

मुळाशी पांढरी रेघ तीन-चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागते. दर वेळी सगळ्या केसांना लेप न लावता मी फक्त त्या रेघेपुरते ५० ग्रॅम मेंदी आणि तेवढीच नीळ घेते. तरी रविवारची सकाळ जातेच, आणि उशीला जुना अभ्रा घालावा लागतो तो वेगळाच.