तिळाएवढा कण

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट आहे. बोलायला शिकवणारी बाई, असं लोकांना वाटतं; माझा अर्धा दिवस मात्र गिळायला शिकवण्यात जातो. पक्षाघातानंतर घसा वेळेवर मिटत नाही आणि घास श्वासनलिकेत उतरतो. त्यातून न्यूमोनिया होतो, माणूस दगावतोसुद्धा.

उत्तनच्या एक कोळी मावशी दाखल होत्या. उजवी बाजू लुळी, नाकात नळी, तोंडाने सगळं बंद. फक्त माझ्या सरावात, थिकनर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं पाणी अर्धा चमचा जमू लागलं होतं. गुरुवारी त्यांच्या मुलाने मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, उद्या पहिला शुक्रवार. आईने एकही चुकवलेला नाही. फादर कम्युनियन घेऊन येणार आहेत."

महिन्याचा पहिला शुक्रवार येशूच्या पवित्र हृदयाचा. १७व्या शतकातल्या फ्रान्समधल्या संत मार्गारेट मेरी अलाकोक यांच्यापासून ही भक्ती पसरली. सलग नऊ महिने पहिल्या शुक्रवारी कम्युनियन, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) दिली जाणारी पवित्र भाकर, घ्यायचं असतं. मावशी नऊवर थांबल्याच नव्हत्या.

मी आधी नाहीच म्हणाले. नुसत्या गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची ती कोरडी चकती टाळूला चिकटते, तुकडा सुटून कुठेही घसरतो. फादरांना फोन लावला. ते म्हणाले, "मग नुसता द्राक्षारस देऊ. भाकर घेता येत नसेल त्याला तेवढा चालतो, चर्चच्या कायद्यातच आहे. दोन्हींत ख्रिस्त पूर्णच असतो."

"फादर, पाण्यासारखं पातळ तर त्यांना सगळ्यात वाईट."

नळीतून दोन थेंब द्यायलाही त्यांची तयारी होती. मी मावशींना विचारलं. त्यांनी डाव्या हाताने नळी बाजूला सारली आणि ओठांवर बोट ठेवलं. तोंडानेच हवं होतं.

पुन्हा फोन. "तुकडा किती लहान चालेल?"

"तिळाएवढासुद्धा. भाकर मोडली म्हणून ख्रिस्त मोडत नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ साली हेच ठरवून दिलंय."

हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही सत्यनारायणाचा प्रसाद कणभर मिळाला तरी पुरतो. पण माझी समजूत अर्धवटच होती. कण घट्ट पाण्यात पाच मिनिटं भिजवू, म्हणजे मऊ होईल, असं मी सुचवलं तर फादर म्हणाले, "विरघळता कामा नये. भाकरीचं रूप टिकतं तोवरच ख्रिस्ताची उपस्थिती." मग माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या लेखी तो देवाला दाखवून आणलेला प्रसाद नव्हता, तो ख्रिस्तच होता. मला कण मऊ हवा होता, त्यांना तो शाबूत हवा होता.

मोठ्या डॉक्टरांची परवानगी घेतली. शुक्रवारी सकाळी फादर मिस्सेत न ठेवलेली एक साधी चकतीही घेऊन आले. तिचा कण चमच्यातल्या घट्ट पाण्यात टाकून मी घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात कडा वाकल्या, पण पांढरा ठिपका दिसत होता. तो आधी मावशींना दिला. गळ्याला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. एक गिळणं, मग मोकळा श्वास. ठसका नाही.

मग फादरांनी खिशातली छोटी गोल सोनेरी डबी उघडली. मावशींचा पलंग मी ताठ केला, हनुवटी खाली घेतली. मुलगा पायाशी गुडघ्यांवर होता. "ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले. मावशींच्या तोंडून "आमेन"मधला "आ" तेवढा आला. चमचा आत गेला. गळ्यातलं हाड वर चढलं, उतरलं. मी त्यांना पुन्हा "आ" म्हणायला लावलं. आवाज घरघरला असता तर काहीतरी वाटेत अडकलंय असं समजायचं. आवाज स्वच्छ होता. तोंडात टॉर्च मारून पाहिलं, काही उरलं नव्हतं.

नंतर फादरांनी तो चमचा एका पेल्यात दोनदा विसळला. ते पाणी बेसिनमध्ये न ओतता खाली जाऊन फाटकाजवळच्या झाडाच्या मुळाशी घातलं.

मी केसपेपर भरायला बसले. तोंडाने दिलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद करावी लागते: पदार्थ, प्रमाण, ठसका आला की नाही. 'पदार्थ'च्या रकान्याशी पेन थांबलं. भाकर लिहिली असती तर ते मावशींच्या मते खोटं ठरलं असतं. मी लिहिलं, 'कम्युनियन, तिळाएवढा कण, घट्ट पाण्यातून.' पुढच्या रकान्यात, 'ठसका नाही.'