ऊन काचेच्या बाहेरच थोपवावे

विदर्भात गाडी चालवणाऱ्याचा उन्हाळ्यातला सगळा भरवसा एसीवर असतो, आणि तिथेच हिशेब चुकतो, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गाडी गार राहणार की नाही हे बटण दाबण्याच्या कितीतरी आधी, गाडी कुठे आणि कशी उभी केली त्यावर ठरलेले असते.

सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो. डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि सीट तो शोषून घेतात आणि तापल्यावर दीर्घ लहरींच्या रूपाने उष्णता बाहेर टाकू लागतात. या लहरींना मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. भर दुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॉट इतकी सौरऊर्जा पडते आणि समोरच्या काचेचे क्षेत्रफळ साधारण तेवढेच असते, तेव्हा बंद गाडीत घरातला हीटर डॅशबोर्डकडे तोंड करून लावून ठेवावा, तसा हा प्रकार होतो. गाडीतल्या हवेचे वजन जेमतेम तीन-साडेतीन किलो भरेल, त्यामुळे ती हवा एसी काही मिनिटांत गार करतो. पण तापलेले प्लास्टिक, फोम आणि पत्रा बराच वेळ धगधगत राहतात. जाळीतून थंड वारा येत असतानाही चेहऱ्याला आणि गुडघ्यांना धग जाणवते ती यामुळे.

सावलीने किती फरक पडतो, याचे चांगले मोजमाप अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील टेम्पी शहरात झाले आहे. तिथला उन्हाळा आपल्या विदर्भासारखाच कोरडा आणि भाजून काढणारा असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसपर्यंत आणि स्टिअरिंग ५३ अंशांपर्यंत तापले. सावलीतल्या गाड्यांमध्ये हेच आकडे ४८ आणि ४२ होते.

सावली शोधतानाही थोडा विचार करावा लागतो. नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे ऐन नवतपाच्या, अर्थात मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, दुपारी बाराला इमारतीच्या भिंतीलगत सावली नावालाही मिळत नाही. त्यानंतर ती पूर्वेकडे सरकत आणि लांबत जाते. त्यामुळे दुपारी एकला गाडी लावून चारला परतायचे असेल, तर झाडाच्या किंवा इमारतीच्या पूर्वेची जागा घ्यावी, मग ती त्या क्षणी उन्हात का असेना. बहुतेक जण त्या घडीची सावली पाहून गाडी लावतात आणि तासाभरातच ती उन्हात उघडी पडते. झाडांत कडुनिंब सर्वांत भरवशाचा, कारण चैत्रात फुटलेली त्याची पालवी मेपर्यंत दाट झालेली असते. सावली मिळालीच नाही, तर गाडीचे तोंड पूर्वेला ठेवावे, म्हणजे पश्चिमेचे ऊन मोठ्या काचेतून थेट स्टिअरिंगवर येत नाही.

समोरच्या काचेला आतून लावायचे चंदेरी सनशेड उपयोगाचे आहेत, पण ते काम करू लागतात तोवर ऊन काच ओलांडून आत आलेले असते. म्हणून मी काचेवर बाहेरून जुनी पांढरी सुती चादर टाकतो. चादर दुहेरी करायची, खालची कड वायपरखाली दाबायची आणि दोन्ही बाजूंची टोके पुढच्या दारांच्या फटीत घालून दारे लावून घ्यायची. मग गरम वाऱ्याच्या झोताने ती उडत नाही. परत आल्यावर स्टिअरिंग हाताला गरम लागते, पण चटका बसत नाही. रंगाचाही परिणाम होतो: अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने एकाच मॉडेलच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या तासभर उन्हात ठेवल्या, तेव्हा चंदेरी गाडीतली हवा पाच-सहा अंशांनी कमी तापली होती. काचांवर काळ्या फिल्म चढवण्याचा मोह मात्र टाळावा. नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे.

गाडीत बसताना आधी तापलेली हवा बाहेर काढावी. एका बाजूची काच पूर्ण उतरवून विरुद्ध बाजूचे दार पाच-सहा वेळा जोराने उघड-मीट केले की आतली बरीच हवा निघून जाते. मग काचा उघड्या ठेवून, पंखा मोठा करून थोडे अंतर जावे, आणि आतली हवा बाहेरच्या हवेच्या पातळीला आली की काचा लावून एसी आतलीच हवा फिरवील असा ठेवावा. सुरुवातीपासूनच तो तसा ठेवला, तर बाहेरच्याहून कितीतरी तापलेली हवा गार करण्यात त्याची शक्ती खर्च होते.

ओल्या कापडाचा उपाय आपल्याकडे उत्तम लागू पडतो. घट्ट पिळलेला ओला पंचा डॅशबोर्डवरून आणि स्टिअरिंगवरून फिरवला की पाणी पाहता पाहता उडून जाते आणि पृष्ठभागाची बरीच उष्णता सोबत घेऊन जाते. वाळ्याच्या ताटीचे तत्त्व हेच आहे. मुंबईत किंवा कोकणात हवेत आधीच दमटपणा असल्यामुळे हा उपाय तितका उपयोगी ठरत नाही.

डिओडरंटचे डबे, लायटर आणि पॉवर बँक उन्हातल्या गाडीत मुळीच ठेवू नयेत.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते लहान मुलांविषयी. पाच मिनिटांत येतो, काच थोडी उघडी आहे, या समजुतीला काहीही आधार नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांच्या अभ्यासात बंद गाडीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा चार सेंटिमीटर उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. मूल मागे झोपले असेल तर मोबाइल किंवा पर्स त्याच्या शेजारीच ठेवावी, म्हणजे उतरताना मागचे दार उघडावेच लागते. खेळता खेळता मुले उभ्या गाडीत शिरतात आणि त्यांना दार उघडता येत नाही, म्हणून अंगणातली गाडीही कुलूप लावूनच ठेवावी आणि किल्ली त्यांच्या हाताला लागणार नाही अशा उंच खिळ्यावर अडकवावी.